मगावरचं पोर कुणाचं?

प्रश्न : भाच्यानं म्युनिकहून बियरचा मग आणला. त्यावर काळ्या झग्यातलं पोर, हातात चक्क मुळा! भाचा म्हणतो, हे शहराचं चिन्ह. खरं का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : चिन्ह खरं, मुळा मागाहूनचा. शहराचं नावच मठातल्या साधूंवरून पडलं. पहिला उल्लेख ११५८चा. १२३९च्या मुद्रेवर टोपडंवाला साधूच आहे. पुढे चित्रकारांच्या हातून तो लहान होत होत पोर झाला. अधिकृत चिन्हात मात्र अजून साधूच : सोनेरी काठाचा काळा झगा, डाव्या हातात लाल पुस्तक, पायांत लाल जोडे. रामकुंडाशेजारी राहणाऱ्याला साधूंचं नवल ते काय! मगात चहा पिता ना?