अण्णा पत्ते का खेळेनात?

‘माझे वडील ७१ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. आई जाऊन चौदा महिने झाले. गेले चार महिने तोंडाला चव नाही, पोट साफ होत नाही, अंगात त्राण नाही असं म्हणतात. पहाटे तीनलाच उठून बसतात. पारावरचे पत्ते बंद. रोज दाढी करणारा माणूस आठ-आठ दिवस तसाच राहतो. परवा म्हणाले, “देवाने मला कशाला मागे ठेवलंय?” ईसीजी, सोनोग्राफी नॉर्मल. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, वयच आहे, आणि ताकदीच्या नि झोपेच्या गोळ्या दिल्या. दादा म्हणतो, हळूहळू सावरतील. मी नाशकात, ते गावी. काय करू?’ – एक लेक

अगं, त्या सोनोग्राफीपेक्षा मला दाढी जास्त महत्त्वाची वाटली.

आधी त्या ‘देवाने कशाला ठेवलंय’बद्दल. ते बोलणं वाऱ्यावर सोडू नकोस. सरळ विचार, “अण्णा, जीव नकोसा होतो का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?” विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आलं तर एकटं ठेवायचं नाही, त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं. गोठ्यातली फवारणीची औषधं मात्र दादाला आजच हलवायला सांग. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्री-अपरात्रीही चालतो, मराठीत बोलतात.

आमच्या पिढीला ‘मला उदास वाटतं’ म्हणता येत नाही. मी स्वतः सहासष्टची, मलाही जड जातं. आम्ही पोट सांगतो, गॅस सांगतो, कंबर सांगतो. मग डॉक्टर पोटावर औषध देतात. माझ्या काकूची तर वर्षभर ॲसिडिटीच चालू होती! दुःख असतं तेव्हा नातवंड आलं की माणूस घटकाभर तरी हसतो. अण्णांना कशातच गोडी उरलेली नाही, तीही चार महिने. हे डिप्रेशन असू शकतं, आणि सत्तरीतही ते उपचारांनी बरं होतं.

डॉक्टर बदलायची घाई नको. ओपीडीत त्यांच्यापुढे रांग असते आणि अण्णा खुर्चीत बसल्या बसल्या म्हणत असतील, “बरं आहे साहेब.” म्हणून एकदा तू सोबत जा. चिठ्ठीवर लिहून ने: पहाटेचे तीन, पत्ते, दाढी, वजन घटलं असेल तर ते, आणि हे सगळं कधीपासून. आणि स्पष्ट विचार, “डॉक्टर, हे डिप्रेशन असेल का?” वयस्कांसाठी हो-नाही अशा पंधरा प्रश्नांची साधी चाचणी असते, तीही करता येते. थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन, सोडियम तपासून घ्या. तिथे गडबड असली तरी माणूस असाच मलूल होतो. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून ने. झोपेच्या गोळीने या वयात तोल जातो, गोंधळ उडतो. पण ती आपल्या मनाने एकदम बंद करू नका, कशी कमी करायची ते डॉक्टरांना विचारा.

डिप्रेशनची गोळी सुरू झालीच तर थोड्या डोसने होईल. खरी परीक्षा दादाची! दहाव्या दिवशी तो म्हणेल, “काही फरक नाही, बंद करा.” फरक दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हाताऱ्या माणसांत कधी त्याहून जास्त. सुरुवातीला मळमळू शकतं. भोवळ आली किंवा बोलणं असंबद्ध झालं तर लगेच दाखवा, या गोळ्यांनी सोडियम उतरू शकतं. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने, बरेचदा वर्षभर चालू ठेवायची असते.

आणि ‘मन रमवा’ असं त्यांना कुणीही सांगू नका. ते जमत असतं तर पारावर गेलेच असते की. त्यापेक्षा पत्त्यांतल्या एखाद्या जोडीदारालाच गाठ, संध्याकाळी घरी येऊन बस म्हणावं, डाव पडला नाही तरी चालेल.

या आठवड्यात जा. एसटीनेच जा आणि अण्णांना स्टँडवर घ्यायला बोलाव. येतात का, आणि दाढी करून येतात का, ते बघ. तेही चिठ्ठीत लिही.