एकच जुनं चेरीचं झाड बघायला जपानच्या खेड्यात जावं का?

एका झाडापायी अख्खा दिवस घालवणं म्हणजे वेडेपणा नाही का, असं विचारलंयत तुम्ही. अगदी हेच माझा दादा म्हणाला होता, म्हणून लिहायला बसले. जा. बिनधास्त जा.

मी नागोयात राहते. बाबा एप्रिलमध्ये आले होते, तेव्हा त्यांना शेजारच्या गिफू प्रांतात, नेओ खोऱ्यातलं उसुझुमी-झाकुरा नावाचं जुनं चेरीचं झाड दाखवायला नेलं. शहरातला बहर आटोपला होता, डोंगरात तो उशिरा येतो. ओगाकीला तारुमी रेल्वेची इवलीशी गाडी पकडायची, नदीच्या कडेकडेने तासभर, शेवटचं स्टेशन तारुमी. तिथून पंधरा मिनिटं चालायचं. बाबांच्या गुडघ्यांनी त्याचा पाऊण तास केला.

झाड दीड हजार वर्षांचं सांगतात. बुंध्याचा घेर दहा मीटरच्या आसपास. कळी गुलाबी, फूल पांढरं आणि गळायला लागलं की फिक्या शाईची झाक. नावाचा अर्थच ‘फिकी शाई’. आम्ही गेलो तेव्हा गळतीच चालू होती.

पण बाबा वर बघेचनात. हयात हापूसच्या कलमांत गेलेला माणूस. ते फांद्यांखालचे लाकडी टेकू मोजत सुटले, मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून. मग मी त्यांना सांगितलं, की हे झाड १९४८ च्या सुमारास मरायलाच टेकलं होतं. गिफूतल्या माएदा नावाच्या दंतवैद्याने १९४९ मध्ये रानचेरीची २३८ कोवळी मुळं याच्या मुळांना जोडली, तेव्हा ते जगलं. बाबा थबकले. म्हणाले, “म्हणजे कलम उलटं बांधलं की! आपण खुंटावर फांदी चढवतो, ह्याने झाडालाच नवे खुंट दिले.” नंतर बराच वेळ कुंपणाशी उभे राहून नुसती जमीन बघत होते. १९५९ च्या वादळात याच्या फांद्या मोडल्या, तेव्हाही लोकांनी धडपड करून ते वाचवलं. १८९१ चा मोठा भूकंप तर याच खोऱ्यातला.

आता दादाचं. राजापूरला आमच्या परड्यात आजोबांच्याही आधीचा रायवळ होता. खोडाला ढोली पडली, तर दादा म्हणे, “पोकळ झालंय, उद्या घरावर येईल.” बाबा म्हणत होते, टेकू देऊ, वरचा भार उतरवू. दादाने बाबा मुंबईला डोळ्यांच्या ऑपरेशनला गेलेले असताना तोडून घेतला. आता तिथे गाडी उभी असते. गाडीवर ऊन येतं म्हणून वर पत्रा घातलाय!

तर तुमच्या प्रश्नाचं: नागोयाहून एका दिवसात आरामात होतं. टोकियोहून ओढाताण होईल, मुक्काम करा. तारुमीपर्यंत गाड्या कमी आहेत, परतीची वेळ आधी बघा, सुटे पैसे ठेवा. बहराच्या दिवसांत शनिवार-रविवार टाळा. आणि हो, बहर दरवर्षी पुढेमागे होतो, त्यामुळे तिकिटं काढून बसाल आणि नुसत्या कळ्या बघून याल, असंही होऊ शकतं. तेव्हा मला बोल लावू नका.

दादाच्या बाजूने एवढंच, की त्या आंब्याची एक फांदी खरंच विजेच्या तारांवर आली होती. एक फांदी. टेकूंचे फोटो मी त्याला तिथूनच पाठवले होते. निळ्या टिका आल्या.