डोकेदुखीचा रोजमेळ

चि. ... हिस अनेक आशीर्वाद.

नाव मुद्दाम गाळलंय. हा कागद तुझ्या ऑफिसच्या बॅगेत फिरणार, उगाच कुणाच्या हाती पडून चर्चा नको. व्हॉट्सॲपवर पाठवलं असतं, पण मग तुला पुन्हा त्या स्क्रीनमध्येच डोळे घालून बसावं लागलं असतं.

परवा लिफ्टमध्ये तुझ्या आईने विचारलं, "ताई, तुमची अर्धशिशी शेवटी कशाने गेली?" तिसरा मजला येईपर्यंत काय सांगणार! आणि खरं उत्तर तिला आवडलंही नसतं. ती गेलेली नाही. पूर्वी महिन्यातले 18-20 दिवस डोकं दुखायचं, आता चार-पाच दिवस दुखतं. माझ्या लेखी हा मोठा नफा आहे, पण "गेली का?" असं विचारणाऱ्याला तो नफा वाटत नाही. तूही सध्या "गेली का?" याच प्रश्नामागे धावते आहेस, म्हणून लिहायला बसले.

मी तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब लिहायचे, हे तुला माहीत आहे. ठाणे-वाशी लोकल 2004 साली सुरू झाली, त्याआधी बसचे धक्के खात जायचं. गाळ्यात शिरलं की मिरचीचा खकाणा, हिंग, दालचिनी. इतरांना शिंका यायच्या, मला मात्र त्या वासाने कपाळाच्या डाव्या बाजूला घण सुरू व्हायचे. एका दुपारी बिलात 26,400 लिहिलं होतं. मला 26 दिसत होतं, पुढचं पान ओल्या बोटाने पुसावं तसं गायब. मग त्या पुसलेल्या जागेच्या कडेने करवतीच्या दात्यांसारख्या चकचकीत रेघा थरथरायला लागल्या. डोळे गेले, असंच वाटलं मला. वीसेक मिनिटांनी आकडे परत आले आणि त्यांच्या मागोमाग डोकं. या रेघांना ऑरा म्हणतात, हे कळायला मला पुढे कितीतरी वर्षं लागली. सगळ्यांना तो येत नाही. तुला येत असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आधी सांग. कारण ऑरा असलेल्या बाईने इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या तर पक्षाघाताचा धोका वाढतो. हे आईसमोर सांगायला अवघड वाटत असेल तर तपासायला एकटी जा.

मधल्या काळात माझं काय काय झालं म्हणून सांगू? चष्म्याचा नंबर बदलला. मग सायनस म्हणून नाकाचा एक्सरे, वाफारे. मग मान आखडते म्हणून मानेला पट्टा. सासूबाईंनी सूर्योदयाआधी दूध-जिलबी खायला घातली, सात दिवस. जिलबी छान होती.

पण सगळ्यात जास्त वर्षं खाल्ली ती पित्ताने. आपल्याकडे डोकं दुखून मळमळलं की पित्त, उलटी झाल्यावर हलकं वाटलं की पित्ताची खात्रीच. मीही घशात बोटं घालून उलट्या काढल्या आहेत. सूतशेखर, मोरावळा, कोकमाचं सरबत, तूरडाळ बंद, चहा बंद. एका न्यूरॉलॉजिस्टने ते सगळं उलटं करून दाखवलं. पोट बिघडल्यामुळे डोकं दुखत नाही, अर्धशिशीचा झटका आला की पोट बिघडतं. झटक्यात जठर मंदावतं, आत गेलेलं पुढे सरकत नाही. म्हणजे दुखणं टिपेला पोचल्यावर घेतलेली गोळी पोटात नुसती पडून राहते. तेव्हा मला उमगलं की सकाळी डोकं जड वाटत असताना "बघू, थांबेल" म्हणत दुपारी तीनला घेतलेली गोळी का लागू पडत नाही. डॉक्टर मळमळीची वेगळी गोळी सोबत देतात तीही याचसाठी, ती टाळू नकोस. आणि गोळी घ्यायचीच असेल तर सुरुवातीला घे.

तुझी आई म्हणते, चॉकलेट खाल्लं की तुझं दुखतं. असेलही. पण झटक्याच्या आदल्या दिवशी किंवा काही तास आधी मला सारख्या जांभया येतात, मान ताठरते आणि गोड खावंसं वाटतं. म्हणजे दुखणं तेव्हाच सुरू झालेलं असतं, फक्त डोक्यापर्यंत पोचलेलं नसतं. चॉकलेटमुळे डोकं दुखलं की दुखणार होतं म्हणून चॉकलेट खावंसं वाटलं, हे आधी नीट बघ. उगाच एकेक पदार्थ तोडत बसलीस तर ताटात भात-वरण उरेल आणि डोकं दुखायचं ते दुखेलच.

आता मुख्य गोष्ट. हे वाचताना तुला राग येईल.

त्याच डॉक्टरांनी पहिल्या भेटीत विचारलं, "महिन्यात गोळ्या किती दिवस घेता?" मी म्हटलं, "लागेल तशा." "म्हणजे किती?" मला सांगता येईना. पेढीवर वीस पैशांचा फरक सापडेपर्यंत संध्याकाळची गाडी सोडणारी बाई मी! पर्समध्ये एक पाकीट, ड्रॉवरमध्ये एक, देवघराशेजारच्या डब्यात एक. मेडिकलवाला तोंड बघूनच पुडकं काढायचा. त्यांनी एक महिना लिहून आणायला सांगितलं. मी रोजमेळाच्या जुन्या वहीत रकाने आखले आणि महिनाअखेर बेरीज केली तर 23 दिवस. कॅफीन घातलेली मिश्र गोळी, 23 दिवस.

साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान, म्हणजे अर्धशिशीच्या झटक्यावरची खास गोळी, 10 किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की ती गोळीच डोकेदुखी वाढवायला लागते. कर्ज फेडायला कर्ज काढावं तसं. गोळीचा असर उतरला की डोकं दुखतं, म्हणून पुन्हा गोळी. डॉक्टरांनी ती बंद केली तेव्हाचे दोन आठवडे मी विसरणार नाही. खिडक्यांना चादरी लावून पडून होते, कुकरची शिट्टी सहन होत नव्हती. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी उठले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. डोकं दुखत नव्हतं. ही बंदी तू स्वतःच्या मनाने करू नकोस. काही गोळ्या एकदम थांबवणं बरं नसतं, आणि त्या दिवसांत आधाराला दुसरं औषध लागतं.

म्हणून तू शोधत असलेल्या आरामाची सुरुवात वहीपासून कर. तारीख, किती तास दुखलं, कोणती गोळी, पाळी, झोप. बस्स. जेवणातल्या प्रत्येक घासाची नोंद नको, त्याने खाण्याची धास्ती बसते. तीन महिन्यांहून जास्त काळ दर महिन्यात 15 किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल आणि त्यातले निदान 8 दिवस अर्धशिशीच्या तऱ्हेचे असतील तर तिला जुनाट म्हणतात आणि औषधयोजना वेगळी होते. हे वही सांगते. आठवण सांगत नाही, आठवणीला फक्त परवाचा झटका दिसतो.

झटके कमी यावेत म्हणून रोज घ्यायच्या औषधांबद्दल तुझी तक्रार ऐकली, "दहा दिवस घेतलं, काही फरक नाही." अगं, योग्य मात्रेवर दोन-तीन महिने तरी द्यावे लागतात. दहा दिवसांत नुसती झोप येते. मला आधी फ्लुनारिझिन दिलं, वजन वाढलं, पेढीवर पेंगायला लागले. प्रोप्रॅनोलॉल दम्यामुळे बाद. शेवटी ॲमिट्रिप्टिलिन, रात्री, अगदी कमी मात्रेत. शेजारच्या एका बाईंनी चिठ्ठी वाचून जाहीर केलं की ही तर डिप्रेशनची गोळी, आणि हसून म्हणाल्या, "तरी बरं, तुम्ही ठाण्यातच राहता!" मनोरुग्णालयामुळे आपल्या गावाच्या नशिबी तो विनोद आहेच. गोळी डिप्रेशनसाठीही वापरतात, अर्धशिशीसाठीही. मला लागू पडली, तोंड मात्र कोरडं पडायचं. तुला हीच लागू पडेल असं नाही. टोपिरामेट किंवा व्हॅलप्रोएटचं नाव निघालं तर लग्नाचा, मुलाचा विचार डॉक्टरांच्या कानावर घाल, ती गर्भाला बाधतात.

गोळ्यांनी भागलं नाही तर पुढेही वाटा आहेत. बोटॉक्सची इंजेक्शनं दर 12 आठवड्यांनी कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे मिळून 31 जागी देतात. अर्धशिशीच्या दुखण्यात हात असलेल्या सीजीआरपी नावाच्या रेणूला अडवणारी इंजेक्शनं 2018 पासून बाजारात आली. त्या शोधामागच्या चौघा शास्त्रज्ञांना 2021 साली ब्रेन प्राइझ मिळालं. महाग आहेत. पण ती आहेत एवढं कळल्यानेच मला एका वाईट वर्षात धीर आला होता.

उपासाचं सांगायला हवं, कारण तुझ्या घरी कुणी सांगणार नाही. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहणं तुला झेपणारं नाही. मी तेरा वर्षं झेपवलं आणि तेरा वर्षं चंद्र बघितला तो एका डोळ्याने. आता सकाळी व्यवस्थित खाते, गणपती रागावलेला नाही. आईला माझं नाव सांग.

शिफ्टचं काय करायचं ते मला नीट कळत नाही, ऐरोलीच्या त्या काचेच्या इमारतींचे नियम निराळे. पण आठवड्याला बदलणारी शिफ्ट नको, एकच कुठलीतरी द्या, एवढं मागून बघ, डॉक्टरांची चिठ्ठी जोडून. मागताना "जरा डोकं दुखतं" म्हणू नकोस. जरा डोकं सगळ्यांचंच दुखतं. मायग्रेन म्हण. आणि सुट्टीच्या दिवशी बारापर्यंत झोपू नकोस, आपल्या जातीच्या डोक्याला तेही चालत नाही.

एक मात्र वहीत लिहायला थांबायचं नाही. क्षणार्धात कळसाला पोचलेली, आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी, किंवा ताप आणि ताठ मान, हातापायातली ताकद जाणं, बोबडी वळणं, शुद्ध हरपणं, यातलं काहीही झालं की थेट हॉस्पिटल. तेव्हा "मला मायग्रेन आहे" म्हणून घरी पडून राहायचं नाही.

वही सोबत पाठवते आहे, रकाने आखलेत. जुनी आहे, पहिल्या चार पानांवर धणे-जिऱ्याचे भाव आहेत, ती फाडू नकोस.

गप्पा मारायला रविवारी नको, मंगळवारी ये. रविवारी खाली हॉलमध्ये हळद आहे, बेंजो सांगितलाय असं वॉचमन म्हणाला. मी त्या दिवशी कानात कापूस घालून बहिणीकडे कळव्याला जाणार आहे. तुलाही यायचं असेल तर सांग.

तुझी,
तिसऱ्या मजल्यावरची काकू