नाटकाचे संवाद जमतात, पण नाटक पुढे सरकत नाही. रचना कशी शिकू?

तुम्ही लिहिलंय की चाळीस पानं झाली, मित्रांना संवाद आवडतात, पण वाचून दाखवताना पंधराव्या पानाला सगळे मोबाईल काढतात. म्हणून तीन अंकांची रचना शिकायची आहे. अंकांचं नंतर बघू. आधी प्रत्येक पात्र विंगेतून आत येतं ते काय मिळवायला, हे समासात एका ओळीत लिहा. जिथे लिहिता येणार नाही, तिथेच मोबाईल निघत असणार.

माझी पहिली एकांकिका नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या घरावर होती. दोघे भाऊ, ओसरी आणि बारा पानं आठवणी. वाचनाला सगळे वा वा म्हणाले. तालमीच्या तिसऱ्या दिवशी धाकट्याचं काम करणारा पोरगा म्हणाला, "भाऊ, पण मी आलोच काहून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग धाकट्याच्या पिशवीत घरविक्रीचे कागद ठेवले आणि त्याला रात्रीच्या गाडीचं तिकीट दिलं. मोठ्याला सही करायची नाही, पण नाही म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. तो आपला म्हणत राहतो, "वडाभात केलाय, जेवून जा." पहिल्यांदा हा आग्रह असतो, दुसऱ्यांदा टाळाटाळ, चौथ्यांदा चक्क धमकी. वाक्य तेच. आठवणी दीड पानावर आल्या, आणि त्याही मोठा आता धाकट्याला अडकवायलाच काढतो.

महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' या नजरेनं परत वाचा. वडील गेलेत, मुंबईहून मुलगा-सून आलेत. दुःख सगळ्यांनाच आहे. पण तेराव्याचा खर्च कुणी करायचा, दागिन्यांचं काय, यावरून माणसं एकमेकांसमोर उभी राहतात. आणि तो बंद पडलेला ट्रॅक्टर! घराणं बुडालं हे वेगळं सांगावंच लागत नाही.

आता अंक. जुन्या संगीत नाटकांना पाच-पाच अंक असायचे, पुढे तीन झाले, आता बहुतेक दोन आणि एक मध्यंतर. आपल्याकडे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत तर नाटक रात्रभर चालतं. प्रेक्षक किती वेळ बसणार, त्यावर हा आकडा बदलत आलाय. तुम्ही एवढंच बघा की मध्यंतराच्या पडद्याआधी असं काही घडलं पाहिजे जे पात्रांना मागे घेता येणार नाही. वसंतराव देशपांडे सभागृहाबाहेर चहा पिताना लोक त्यावर भांडले पाहिजेत.

आणि हो, पहिल्याच प्रवेशात कुणी फोनवर अख्ख्या घराची माहिती सांगत असेल, तर तो फोन कापा. सहा-सात पानं तिथेच कमी होतील. उरलेलं एखाद्या अनोळखी नटाकडून मोठ्यानं वाचून घ्या. स्वतः वाचू नका. आपण आपली पडेल वाक्यंही आवाजानं सावरून नेतो.