सोरायसिस कायमचा बरा होतो का? क्रीम थांबवली की परत येतो, काय करू?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपासून कोपरांवर आणि डोक्यात चट्टे आहेत, क्रीम लावली की पंधरा दिवसांत साफ, थांबवली की पुन्हा तेच, मग हे कायमचं जाणार कधी. मला सोरायसिस होऊन 14 वर्षं झाली, त्यामुळे सरळच सांगते, कायमचा घालवणारं औषध आज तरी नाहीये. पण आटोक्यात राहतो, आणि इतका छान राहतो की कित्येक महिने आठवणही येत नाही. माझी पहिली चार वर्षं मात्र "मुळापासून घालवतो" म्हणणाऱ्यांच्या मागे गेली. एकाकडच्या पुड्यांनी खरंच महिन्याभरात अंग लख्ख झालं, घरात सगळे खूश, आणि पुड्या संपल्यावर पाठ, पोट, मांड्या, जिथे आधी कधीच नव्हतं तिथेही लालभडक चट्टे उठले. स्किनच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं की अशा बिननावाच्या औषधांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं आणि पोटात जाणारं स्टेरॉइड एकदम बंद झालं की सोरायसिस दुपटीने उसळतो, काहींना तर अंगभर पू भरलेले फोड येतात आणि ॲडमिट व्हावं लागतं. म्हणून पुडीवर घटक लिहिलेले नसतील तर हातही लावू नका, प्लीज.

होतं काय, तर कातडीची नवी पेशी खालून वर यायला साधारण महिना लागतो, आपल्यात तेच काम तीन-चार दिवसांत उरकतं कारण आपलीच प्रतिकारशक्ती उगाच खवळलेली असते. जुनी कातडी गळायच्या आधीच नवी येऊन थर साचतो, तेच ते चंदेरी पापुद्रे. यात जंतू नाही, म्हणून लागण होत नाही, एका टॉवेलने नाही की मिठी मारूनही नाही. केस कापणारी बाई माझ्या मानेवरचा चट्टा बघून कंगवा खाली ठेवून मागे सरकली होती तेव्हा मी गप्प बसले, आता खुर्चीत बसतानाच सांगते की हा सोरायसिस आहे, पसरत नाही.

आता तुमच्या क्रीमबद्दल. कोपराची कातडी जाड असते, तिथे स्ट्राँग स्टेरॉइड चालतं, पण तीच ट्यूब चेहरा, काख, जांघ इथे लावत बसलात तर कातडी पातळ होते. आणि चट्टा गेला म्हणून एका दिवसात बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा, मला आधी एक दिवसाआड आणि मग आठवड्यातून दोनदा असं करायला सांगितलं होतं, सोबत कॅल्सिपोट्रिऑल (हे व्हिटॅमिन डीच्या जातीचं मलम, स्टेरॉइड नाही), त्यानंतर परत यायचं प्रमाण खूप घटलं. बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी क्रीम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. डोक्यातले पापुद्रे जाड असतील तर औषध आत पोचतच नाही, आधी सॅलिसिलिक ॲसिडवालं लोशन लावून ते मऊ करून काढावे लागतात.

पण मला विचाराल तर सगळ्यात जास्त फरक पडला साध्या मॉइश्चरायझरने. कोमट पाण्याने पटकन अंघोळ, टॉवेलने घासायचं नाही नुसतं टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच बिनवासाचं घट्ट क्रीम थापायचं, रोज, चट्टे नसले तरी. मला टीव्ही बघताना नखाने पापुद्रा उचकटायची सवय होती, खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसायचे आणि तिथला चट्टा काही हलायचा नाही. जिथे खरचटतं, ओरबाडलं जातं, तिथे नवा चट्टा उठू शकतो, माझा घड्याळाच्या पट्ट्याखाली असाच उठला. टेन्शन, घशाचं इन्फेक्शन, दारू, सिगारेट, यानेही भडकतो. बीपीच्या काही गोळ्यांनी, लिथियमनेही (हे मूडच्या आजारावरचं औषध) भडकू शकतो, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तरी सोरायसिस आहे हे सांगायचंच, पण अशी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

एवढ्यावर भागलं नाही तर लाइट थेरपी आहे, म्हणजे दवाखान्यात कातडीवर ठरावीक अल्ट्राव्हायोलेट प्रकाश देतात, आठवड्यातून दोन-तीनदा. मग मेथोट्रेक्सेट, खवळलेली प्रतिकारशक्ती शांत करणारी गोळी. ही गोळी सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, मी तर डब्यावर वारच लिहून ठेवलाय. रक्ताच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत आणि प्रेग्नन्सीत अजिबात चालत नाही. त्याच्या पुढे बायोलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे प्रतिकारशक्तीचा नेमका खवळलेला भागच रोखणारी, ती खूप गुणकारी आहेत पण आधी टीबी आहे का ते तपासतात.

आणि एक, जे मला कुणी वेळेवर सांगितलं नाही. सकाळी उठल्यावर टाच दुखायची, उजव्या हाताचं मधलं बोट फुगलेलं असायचं, मी वर्षभर कामाचा ताण म्हणून सोडून दिलं. तो सोरायसिसचाच संधिवात होता आणि ते बोट आता पूर्ण मिटत नाही. डोक्यात चट्टे असणाऱ्यांना आणि नखं खराब असणाऱ्यांना याचा धोका जास्त असतो. तुम्ही डोक्याचं लिहिलंय, नखांचं काही लिहिलेलं नाही. उजेडात नीट बघा, बारीक खड्डे आहेत का, टोकाकडून नख सुटतंय का, आणि सकाळी सांधे अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ आखडलेले राहतात का. यातलं एक जरी असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, याच आठवड्यात दाखवून या.