मालवणात कुत्र्याचं दीड महिन्याचं पिल्लू आणलंय. रात्रभर रडतं, पडवीत घाण करतं. काय करू?

मारणं-ओरडणं आधी बंद. घाणीत नाक घासणं तर मुळीच नको. त्यातून ते एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायचं नाही, मग खाटेखाली जाऊन करतं. झोपून उठलं, खाल्लं, खेळून दमलं की लगेच उचलून खळ्यातल्या एकाच कोपऱ्यात न्या. केलं की तिथल्या तिथे शाबासकी, घरात आल्यावर नव्हे. धो धो पावसात ते बाहेर पाय टाकणार नाही, तेव्हा पत्र्याखालची जागा धरा.

रडतं ते आईवाचून. खोक्यात जुनं लुगडं घालून तुमच्या अंथरुणाजवळ ठेवा, बहुतेक पिल्लं काही रात्रींत निवांत होतात.

यापेक्षा मोठी गोष्ट लसीची. पहिली ६ ते ८ आठवड्यांत, मग दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची साधारण ३ महिन्यांनंतर. जनावरांच्या डॉक्टरांना जंताचं औषधही विचारा. लेप्टोबद्दल (लेप्टोस्पायरोसिस या रोगाबद्दल) तर मुद्दाम विचारा: त्याचे जंतू उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरतात आणि तो माणसांनाही होतो. पाणथळ जागी पिल्लू सोडू नका.

आणि बांगडा द्यायचाच असेल तर उकडून, काटे काढून, बिनमिठाचा. कालवणातला उरलेला नको.