वरच्या ओठावरचा कडक चट्टा आणि ‘सिरिंगोमा’चा रिपोर्ट

प्रश्न : आईचे वय ५८. वरच्या ओठाच्या वर, नाकाखाली, तीन वर्षांपासून त्वचेच्याच रंगाचा कडक चट्टा आहे. दुखत नाही, पण मुंग्या येतात, ओठ अधूनमधून बधिर वाटतो. गेल्या वर्षी वरवरचा तुकडा खरवडून तपासला. ‘सिरिंगोमा’ म्हणजे साधी गाठ, असा रिपोर्ट आला. आईने तंबाखू-मिश्रीला कधी हात लावलेला नाही. पुन्हा तुकडा काढावा का? त्याने रोग पसरतो म्हणतात.
– एक वाचक, सातारा

उत्तर : काढावा, आणि या वेळी खोलवरचा. सिरिंगोमा म्हणजे घामाच्या नलिकांच्या निरुपद्रवी पुटकुळ्या. त्या बहुधा दोन्ही डोळ्यांखाली, घोळक्याने येतात. वरच्या ओठापाशी एकटाच कडक चट्टा आणि त्यात बधिरपणा असेल, तर मायक्रोसिस्टिक ॲडनेक्सल कार्सिनोमा नाही ना, हे आधी पाहावे लागते. १९८२मध्ये या नावाने प्रथम वर्णन झालेला हा दुर्मीळ त्वचेचा कॅन्सर. तंबाखूशी त्याचे नाते नाही. ऊन आणि पूर्वी चेहऱ्यावर घेतलेले शेक (रेडिएशन) यांच्याशी त्याचा संबंध जोडतात. आईंनी कधी तसे शेक घेतले असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा.

रिपोर्ट फसतो तो तुकड्याच्या खोलीमुळे. या गाठीच्या वरच्या थरात केराटिनने (त्वचेतल्या कठीण प्रथिनाने) भरलेल्या बारीक पिशव्या दिसतात आणि पेशीही अगदी गरीब, साध्या वाटतात. खरी लक्षणे तळाशी असतात : दाट तंतुमय ऊतीत पेशींच्या अरुंद रांगा, अर्धवट नलिका, स्नायूत शिरकाव आणि मज्जातंतूभोवती वेढा. वरचा पापुद्रा खरवडला तर यातले काहीच स्लाइडवर येत नाही. पॅथॉलॉजिस्टला दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यासमोर आले ते त्यांनी वाचले.

म्हणून किमान ४ मिलिमीटरची पंच बायोप्सी (गोल पात्याने काढलेला तुकडा) किंवा, त्याहून बरे, पाचरीच्या आकाराची, चरबी-स्नायूपर्यंत जाणारी बायोप्सी मागा. जागा बधिर करून हे दवाखान्यात होते, टाके साधारण पाच-सात दिवसांत निघतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, मनाने बंद करू नका. तुकडा १० टक्के फॉर्मेलिनमध्येच जायला हवा. सोबतच्या फॉर्मवर ‘तीन वर्षे, हळूहळू वाढ, बधिरपणा, आधीचा रिपोर्ट सिरिंगोमा’ हे लिहून घ्या. ही एक ओळ फार कामाची असते. जुन्या स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवून जपलेला तुकडा) लॅबमधून मागून नव्या पॅथॉलॉजिस्टला द्या. बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या दुसऱ्या कॅन्सरपासून फरक करायला बेर-ईपी४सारखी रंगचाचणी करतात. बेसल सेलमध्ये ती सहसा पॉझिटिव्ह, इथे सहसा निगेटिव्ह. पण तुकडाच उथळ असेल तर या महागड्या चाचण्यांनी फारसे साधत नाही.

बायोप्सीने हा रोग पसरत नाही. तो मज्जातंतूंच्या कडेने आपणहून सरकत असतो, त्यामुळे नुकसान आहे ते वाट पाहत बसण्यात. दूर कुठे पसरणे मात्र क्वचितच.

निदान पक्के झाले आणि बधिरपणा असला तर मज्जातंतू पाहण्यासाठी कॉन्ट्रास्ट (शिरेत औषध टोचून केलेला) एमआरआय करतात. डोळ्याला दिसतो त्याच्या कितीतरी पुढे हा त्वचेखाली गेलेला असतो, म्हणून शक्य तिथे मोह्स पद्धतीने, प्रत्येक थराच्या सगळ्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासत शस्त्रक्रिया करतात. ही सोय नसेल तर कडांमध्ये रोग उरला नसल्याचा रिपोर्ट हाती येईपर्यंत फ्लॅप (शेजारची त्वचा) फिरवून ओठ पुन्हा बांधण्याची घाई सर्जनला करू देऊ नका.